गाडीचं डावं अंग

शेवंता गेली हे मला सांगितलं तेव्हा मी अलिबागच्या दवाखान्यात बाकड्यावर बसलो होतो. डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, काका, आम्ही खूप प्रयत्न केले. मी मान हलवली. त्या आत गेल्या आणि लगेच गेटवरचा वॉचमन आला. त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. दारातली पांढरी गाडी तुमची का म्हणाला, जरा बाजूला घ्या, ॲम्ब्युलन्स वळत नाही. मी उठलो, गाडीत जाऊन बसलो, चावी फिरवली. इंजिन चालू झालं. डावीकडची सीट रिकामी होती... गाडी काढायची तर आधी डावीकडं घ्यायला लागणार होती आणि डावीकडं काय आहे ते मला दिसत नव्हतं. माणसं असतील, पोरं असतील, पायरीवर कुणी म्हातारी बसली असेल. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस मी, मला गिअर टाकता येईना. वॉचमन काचेवर टकटक करत होता, घ्या घ्या काका, भरपूर जागा आहे. शेवटी मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि चावी त्याच्या हातात दिली. म्हटलं, तू काढ, मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. दोन वर्षांत हे मी बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा सांगितलं. बायको जाऊन दहा मिनिटं झाली नव्हती.

आज तिला जाऊन तीन महिने होत आले. पुण्यानुमोदनाला लोक आले, तिच्याबद्दल चार शब्द बोलले. कष्टाळू होती, बोलकी होती, महिला मंडळात पुढं असायची. खरं आहे ते. पण तिनं केलेलं सगळ्यात अवघड काम कुणाला माहीत नाही, कारण ते आम्ही दोघांनी मिळून लपवलं होतं. ते सांगायला बसलोय. माझं शिक्षण सातवीपर्यंत, शब्द मागंपुढं झाले तर चालवून घ्या.

आमचं घर चौल आणि रेवदंड्याच्या मध्ये, रस्त्यापासून जरा आत. पहिली पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, मग जुनी का होईना, सात सीटची स्वतःची घेतली, पिवळ्या पाटीची. मांडव्याला बोट लागली की मुंबईची माणसं उचलायची, नागाव-रेवदंड्याच्या बंगल्यांवर सोडायची, रविवारी परत न्यायची. समुद्राच्या काठाला गाडी ठेवणं सोपं नाही. खारा वारा पत्रा खातो. वरून रंग झकास दिसतो आणि एक दिवस दाराच्या खालच्या कडेला बोट लावलं की बोट आत जातं. म्हणून गाडी रोज धुवायची, हे शेवंतानं ठरवलं. उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, ते ती गाडीला लागू द्यायची नाही. नळाचं गोडं पाणी पिंपात भरून ठेवायची. आधी नुसत्या पाण्यानं वाळू खाली सोडायची आणि मगच फडकं. कोरडं फडकं मारलेलं तिला खपायचं नाही. वाळूचा कण बसला की ते फडकं न्हाय, कानस हाय, म्हणायची. वरून खाली यायचं, टप आधी, चाकं शेवटी, चाकांची बादली वेगळी. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्यानं काढायचे, दाराच्या रबरांना खोबरेल, काचांना वर्तमानपत्राचा कागद. महिन्यातून एकदा पॉलिश लावून ती असं चोळायची की पत्र्यात नारळाची झाडं दिसायची. मॅट झटकताना मात्र रोज तोंड सुटायचं. ही माणसं एवढी वाळू घेऊन जातात, एक दिवस आपला किनारा दादरला सापडंल म्हणायची.

नळ होता गाडीच्या डाव्या अंगाला. त्यामुळं डावं अंग तिचं आणि उजवं माझं. ही वाटणी कुणी केली नव्हती, पडून गेली होती. तिच्या अंगाला जाऊन मी कधी बघितलं नाही. तिथंच चुकलं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्यासमोर धुकं यायला लागलं. आधी वाटलं काच खराब आहे. काच पुसली. मग वाटलं झोप कमी झाली. मग समजलं, पण मनाशी कबूल केलं नाही. रस्ता माझ्या पायाखालचा होता, चौलपासून अलिबागपर्यंत कुठं वाडीचं कुंपण पुढं आलंय, कुठं खड्डा आहे, सगळं पाठ. पाठ असलेल्या रस्त्याला डोळे कशाला लागतात, असं स्वतःला सांगायचो. रस्ता पाठ असतो, रस्त्यावरची माणसं कुठं पाठ असतात?

शेवंताला मी काही सांगितलं नव्हतं. पण गाडी धुणाऱ्याला गाडी चालवणाऱ्याचं सगळं कळतं. एका सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. ती चहा घेऊन आली आणि माझ्या डाव्या हाताला उभी राहिली. मी समोर बघत बसलो होतो. जरा वेळानं म्हटलं, अगं चहा झाला का? ती फिरून पुढं आली तेव्हा बघितलं, कप हातातच होता, साय धरलेला.

"कवापासून?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, काय कवापासून?

"आरशाला चुना लागलाय तो चौलच्या वळणावरच्या कुंपणाचा. गेल्या आठवड्यात बी तिथलाच व्हता. दाराच्या दांडीत सुपारीचा पाला. डावी चाकं रोज चिखलानं भरत्यात, उजवी कोरडी. मला उजवीकडं एक वरखडा दाखवा, मी गप बसते."

मी उठून गाडीच्या उजव्या अंगाला गेलो, बघितलं आणि परत ओट्यावर येऊन बसलो.

तिनं मला अलिबागला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. मोतीबिंदू निघाला, पिकत आलेला. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, करून टाका, दिसेल. पण माझा जुना दोस्त जनार्दन, रिक्षावाला, त्यानं असंच साधं ऑपरेशन केलं होतं आणि त्याचा डोळा गेला होता. चूक कुणाची ते मी सांगत नाही, तो स्वतःच म्हणायचा की चौथ्या दिवशी पट्टी काढून शेतात गेलो. पण त्याची ती खोबण मी बघितली होती. मी दरड कोसळताना घाटात गाडी काढली आहे, पण माणूस सुरी घेऊन डोळ्यापाशी येणार म्हटलं की मी विषय बदलायचो. आणि दुसरी भीती अशी की बातमी फुटली तर धंदा बसला. आंधळ्याच्या गाडीत कोण पोरंबाळं घेऊन बसेल? मी शेवंताला म्हटलं, दिवाळी होऊ दे. ती म्हणाली, बरं, पण तवर मी शेजारी बसनार.

आणि ती बसली. मांडव्याला बोट यायची, लोक सामान घेऊन यायचे आणि बघायचे तर पुढच्या सीटवर ही बाई. सहाच्या जागी पाच पॅसेंजर घ्यायला लागायचे. कुणी विचारलं तर ती सांगायची, माझं पुढं माहेर हाय, मला सोडत्यात. दोन वर्षांत ती रोज माहेरी गेली. एकदा एक मुंबईची बाई म्हणाली, काका किती लाड करता हो बायकोचे. शेवंता हसली आणि म्हणाली, व्हय बाई, त्यांचा माझ्यावाचून घडीभर निभाव लागत न्हाय. मला ते लागलं, मी गिअर बदलला. वाटेत ती सहज बोलल्यासारखी बोलायची. डावीकडं म्हशी आल्या बघा. डावीकडं टेम्पो हुबा हाय. आता मोकळं हाय. मागं बसलेल्यांना वाटायचं म्हातारीला बडबडायची सवय आहे.

दिवाळी गेली. शिमगा गेला. मी रोज नवीन कारण काढायचो. मग एकदा आक्षीच्या अलीकडं, भर दुपारी, शाळा सुटलेली. मी समोरच्या बसला वाट द्यायला डावीकडं घेतलं. शेवंता मागच्या बाईला काहीतरी सांगत होती, तिनं मान पुढं वळवली आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग उजवीकडं ओढलं. गाडी बसच्या इतक्या जवळून गेली की मागची माणसं ओरडली. काय झालं ते मला समजलंच नाही. तिनं सांगितलं तेव्हा कळलं, सायकलवर एक पोरगी होती, दोन वेण्यांची, पाठीवर दप्तर. मी आरशात बघितलं तर मला काही दिसलं नाही. ती पोरगी मी आजपर्यंत बघितलेली नाही. पण त्या दिवसापासून ती रोज माझ्या डाव्या बाजूला असते.

त्यानंतर शेवंतानं घरात बोलणं टाकलं. चूल, भांडी, सगळं मुक्यानं. गाडीत मात्र बोलायचीच, बोलायलाच लागायचं. जगात असा अबोला कुणी बघितला नसेल, की जो दाराबाहेर पडलं की संपतो. चौथ्या दिवशी मी ऑपरेशनला तयार झालो. तारीख घेतली, दोघं गेलो, माझं नाव पुकारायच्या आधी मी लघवीला जातो म्हणून उठलो आणि बाहेर येऊन सरळ एसटीत बसलो. घरी आलो तर ती माझ्या मागोमाग, पुढच्या एसटीनं. मला वाटलं आता शिव्या घालील. तिनं बादली घेतली आणि गाडी धुवायला लागली. धुताना म्हणाली, मी म्हातारी हाय वो, किती दिस पुरनार तुमाला?

जास्त दिवस पुरली नाही.

ती सकाळ अजून तशीच्या तशी आहे. आम्ही दोघं गाडी धूत होतो, तिचं डावं, माझं उजवं. फडकं पिळायचा आवाज बंद झाला. मी हाक मारली, ती ओ देईना. फिरून गेलो तर ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती, हात छातीवर, अंगाला दरदरून घाम. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती दुसरीकडं गेली होती, यायला वेळ लागेल म्हणाले. शेजारचा रिक्षावाला रेवदंड्याला मासळी घेऊन गेलेला. मुलगा सिद्धार्थ पनवेलला कंपनीत. गाडी दारात, धुतलेली, पाणी निथळत होतं. मी मागचं दार उघडलं, म्हटलं, आडवी हो. ती नको म्हणाली. पुढं बसवा म्हणाली.

मी तिला पुढं बसवलं, पट्टा बांधला. आणि तिनं मला अलिबागला नेलं. मी नाही, तिनं नेलं. एक हात छातीवर आणि डोळे रस्त्यावर. डावीकडं बाई, टोपली हाय डोक्यावर... गेली. डावीकडं मोटरसायकल. थांबा. आता चला. नागावला आलो तेव्हा आवाज बसला. मग तिनं समोरच्या फळीवर बोटं वाजवायला सुरुवात केली. एक टक म्हणजे थांब, दोन म्हणजे मोकळं. आम्ही असं कधी ठरवलं नव्हतं, पण मला समजलं. शनिवार होता, मुंबईच्या गाड्यांची ही रांग. मला पळवायची होती आणि पळवता येत नव्हती. मागचे हॉर्न मारत होते, एकानं शेजारी येऊन आयबहीण काढली. आक्षीच्या पुढं टकटक बंद झाली. मी मान वळवून बघितलं, तिचे डोळे उघडे होते, श्वास चालू होता, पण हात मांडीवर पडला होता. तिथून पुढं मी हॉर्नवर हात दाबून धरला आणि बैलगाडीच्या चालीनं गेलो. एका बाजूला ती जात होती, आणि त्याच बाजूला कोण आहे ते मला दिसत नव्हतं. वेग वाढवला तर कुणाचं तरी पोर जाईल, नाही वाढवला तर ही जाईल. एवढी भीती माणसाला एका वेळी वाटू शकते हे मला माहीत नव्हतं.

दोन डोळ्यांचा माणूस असता तर निम्म्या वेळात पोचला असता. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, लवकर आणली असती तर? त्या म्हणाल्या, असं सांगता येत नाही काका. चांगल्या बाई आहेत, म्हणून असं म्हणाल्या.

सिद्धार्थला मी सगळं सांगितलं, दवाखान्याच्या आवारात, आईला घरी न्यायच्या आधी. त्यानं फक्त चावी मागून घेतली. गाडी त्यानं चालवत आणली. पुढच्या महिन्यात त्यानं मला ऑपरेशनला नेलं. मी सारखा उठून जायला बघत होतो, पण या वेळी उठलो नाही, कारण पळून कुणाकडं जाणार? दहा-पंधरा मिनिटांचं काम होतं. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी दोन वर्षं घाबरलो, हे मला सहन होत नाही.

हिरवा चष्मा निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बादली भरली आणि पहिल्यांदाच गाडीचं डावं अंग धुवायला गेलो. लांबून पत्रा चकचकीत होता. जवळ गेलो, ओला हात फिरवला, आणि हात अडकायला लागला. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत, इथं, तिथं... तिनं अलिबागहून पांढऱ्या रंगाची बाटली आणली होती, नखाला लावतात तसल्या ब्रशाची. एकेक ओरखडा त्या ब्रशानं भरला होता, वर पॉलिश घासलं होतं. मला तिनं चार-पाच सांगितले असतील. मी मोजायला लागलो आणि मोजणं सोडून दिलं. बहुतेक कुंपणांचे होते, ते मी ओळखले. पण मागच्या दारावर एक वेगळा होता. कमरेच्या उंचीला, हातभर लांब, आणि त्यात काळं रबर घासून आत बसलेलं. सायकलच्या मुठीची उंची तेवढीच असते. हा आक्षीच्या पोरीचा नाही, तिला गाडी लागली नव्हती. शेवंता शेजारी असती तर गाडी लागलीच नसती, म्हणजे हा आधीचा, ती माझ्या शेजारी बसायला लागली त्याच्या आधीचा. मी कुणाला तरी घासून गेलो होतो आणि मला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी चालत निघालो. चौल, नागाव, आक्षी, रस्त्याला लागून जी घरं आहेत, दुकानं आहेत, तिथं विचारत गेलो, दोन वर्षांपूर्वी इकडं कुणा सायकलवाल्याला गाडी लागली होती का? लोक म्हणायचे, आता कुणाला आठवणार बाबा. नागावला एक मावशी रस्त्यावर शहाळी विकायला बसते. मी तिला विचारलं. तिनं माझ्याकडं निरखून बघितलं.

"तुमी शेवंताबाईचं मालक का?" म्हणाली. "ती बी हेच इचारत फिरत व्हती. दोन उन्हाळे झालं. बस चुकली म्हणून माज्याजवळ बसायची, पानी मागायची आनि हळूच इचारायची. मी म्हटलं, बाई, तुजं कोन हाय ज्याला लागलं? तर म्हनं, लागलेला कोन ते म्हाईत न्हाय, तोच हुडकतेय."

मी तिथंच दगडावर बसलो. म्हणजे हिला माहीत होतं. रोज सकाळी ती तिथं फडकं फिरवत होती, रंग भरत होती आणि मला वाटायचं गाडी चमकवायचा हिला नाद आहे. मला सांगितलं असतं तर मी खचलो असतो, म्हणून नाही सांगितलं. दोन वर्षं ती भीती तिनं एकटीनं वागवली आणि माझ्याशी म्हशी-टेम्पो बोलत राहिली. तिची छाती कशानं गेली ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. मला त्यात अजून एक ओळ दिसते, ती तिथं लिहिलेली नाही.

डॉक्टर म्हणाले, आता चालवा गाडी, नजर चांगली आहे. लायसन्सच्या कागदावर सही करायला तयार आहेत. मी नको म्हटलं. सिद्धार्थ म्हणतो विकून टाकू, गिऱ्हाईक आहे. त्यालाही सध्या थांब म्हटलंय. रोज सकाळी दोन्ही अंगं मीच धुतो. मागच्या दारावरचा तो काळा पट्टा तिच्या रंगाखालून परत वर यायला लागलाय. त्याच्यावर मी काही लावलेलं नाही.

हे मी छापायला दिलं ते एवढ्यासाठी. चौल ते अलिबाग रस्त्यावर, दोन-अडीच वर्षांपूर्वी, कुणाच्या सायकलला पांढरी, पिवळ्या पाटीची गाडी घासून न थांबता निघून गेली असेल, कुणी पडलं असेल, कुणाचा हात मोडला असेल, तर तो ड्रायव्हर मी आहे. त्याला दिसत नव्हतं. त्याच्या बायकोनं तुम्हाला शोधलं, तुम्ही तिला सापडला नाहीत. चौल आणि रेवदंड्याच्या मध्ये कुणालाही डोळ्याचं ऑपरेशन झालेला ड्रायव्हर विचारा, घर दाखवतील. आता सगळ्यांना माहीत झालंय.

सकाळी फाटक वाजतं. बहुतेक वेळा शेजारची पोरं असतात, नाहीतर मासळीवाली. पण आवाज झाला की माझ्या हातातलं फडकं तिथंच थांबतं, आणि वळून बघायला मला थोडा वेळ लागतो.